हावगेप्पाच्या चेहऱ्यावरचं तेज

जनवाड्याच्या हावगेप्पा बिरादाराला जन्मात कधी साधं पडसंसुद्धा झालं नव्हतं, आणि त्याच्या घरच्यांची खरी अडचण तीच होती. आजारी पडणारा माणूस औषध घेतो, बरा होतो आणि तब्येतीचा विषय सोडून आपल्या कामाला लागतो. हावगेप्पा कधी आजारी पडलाच नाही, त्यामुळं तब्येतीचा विषय सोडायला त्याला कधी निमित्तच मिळालं नाही.

सगळी नोकरी त्यानं बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत केली, औषधाच्या एका कारखान्यात. काम पॅकिंगचं. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, वर माहितीची घडी घातलेली चिठ्ठी सारायची आणि खोकं बंद करायचं. बाकीचे कामगार हात चालवता चालवता सोयरिकींच्या गप्पा मारायचे, हावगेप्पा चिठ्ठ्या वाचायचा. इंग्रजी त्याला बेताचं येत होतं. पण जीवनसत्त्वांची नावं म्हणजे एकेक अक्षर. ए, बी, सी, डी. एवढं इंग्रजी कुणालाही पुरतं. वर्षानुवर्षं ती अक्षरं डोळ्यांखालून गेल्यावर त्याची ठाम समजूत झाली, की माणसाचं शरीर म्हणजे एक खोकं. त्यात माल नीट भरला की काम झालं.

निवृत्त झाल्यावर हा माल भरण्याचं काम त्यानं गावावर सुरू केलं. मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर संध्याकाळी तो बसला की समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघूनच सांगायचा, "तुझ्यात बी बारा कमी हाय." लोक त्याला 'गोळ्यावाले अण्णा' म्हणायचे. ते आदरानं म्हणतात असं हावगेप्पाला वाटायचं, आणि लोकांनाही त्याचा तो समज मोडावासा वाटला नाही.

त्याच्या आरोग्याचे हंगाम असत. एक वर्ष कारल्याच्या रसाचं गेलं, एक जवसाचं, एक कोरफडीचं. प्रत्येक हंगामाचा पहिला प्रयोग बायकोवर, जगदेवीवर, व्हायचा. जगदेवी बारीक चणीची, कामाला वाघीण. नवरा कारखान्यात असताना विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा तिनंच राखला होता. तिचे गुडघे तेवढे दुखायचे. घरात दुखणारं दुसरं काही नसल्यामुळं हावगेप्पाचा सगळा अभ्यास त्या दोन गुडघ्यांवर चालायचा. कारल्याचा रस ती त्याच्यादेखत तोंडाला लावायची आणि तो वळला की परड्यातल्या पेरूच्या बुंध्याला ओतायची. पेरू भरभरून लागायचा. "बगितलीस का रसाची ताकद? तुजी चाल सुदारली," असं हावगेप्पा म्हणायचा.

मग एका फेब्रुवारीत पुतणीकडं वाईला जाणं झालं आणि जावयानं सगळ्यांना पाचगणी दाखवायला नेलं. तिथं रस्त्याकडेला एका बाईचं दुकान होतं. पुढं टोपल्यांत स्ट्रॉबेऱ्या रचलेल्या. लालभडक, डोक्यावर हिरव्या पानांची टोपी. मागं रंगीत फलक, आणि त्यावर फायदे लिहिलेले: रोगप्रतिकारशक्ती वाढते, हृदयाला उत्तम, पचन सुधारते, त्वचेला तेज येते. बाकीची मंडळी दऱ्या बघायला गेली. हावगेप्पा त्या फलकापुढं उभा राहिला तो हललाच नाही.

"यात सी किती असतंय बाई?" त्यानं विचारलं.

"संत्र्याएवढं तरी असतंय काका. थोडं जास्तच म्हणा," बाई म्हणाली.

एवढंसं फळ, साल काढायची नाही, बी थुंकायचं नाही, आणि संत्र्याएवढं सी! हावगेप्पानं साय घातलेली वाटीभर स्ट्रॉबेरी खाल्ली. खाताना डोळे मिटून घेतले. पसरणीचा घाट उतरताना त्याचे ओठ चुरचुरायला लागले.

"घाटाचा वारा," तो म्हणाला, आणि ओठांवर रुमाल धरून बसला.

गावी आल्यापासून कट्ट्यावर दुसरा विषय नाही. लागवड ऑक्टोबरात करायची असते हे त्यानं पाचगणीलाच विचारून घेतलं होतं. त्यामुळं उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन्ही ऋतूंत त्याच्याकडं फळ नव्हतं, नुसती माहिती होती. आणि माहिती नासत नाही. मोबाइलवर रात्रंदिवस वाचून त्यानं स्ट्रॉबेरीचं गोत काढलं. ही आपल्याकडची नव्हे. जंगली बारकी स्ट्रॉबेरी जगात बऱ्याच ठिकाणी उगवायची, पण आज आपण खातो ती मोठी जात अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्सात जन्मली. आई चिलीची, बाप उत्तर अमेरिकेचा. दोन्ही रोपं जहाजांतून आली, एका बागेत शेजारी लागली आणि त्यांचा संसार झाला. मग साहेबानं ती महाबळेश्वरच्या थंडीत आणली.

"म्हंजे आंतरजातीय," कट्ट्यावर श्रीमंत म्हणाला. श्रीमंत हा हावगेप्पाच्या शेताचा शेजारी आणि शाळेपासूनचा मित्र. हावगेप्पाचं बोलणं तो मन लावून ऐकायचा, कारण त्यातून त्याला दिवसभर पुरेल एवढी करमणूक मिळायची.

"आनि अजून एक," हावगेप्पा म्हणाला. "आपण जे खातो ते खरं फळच न्हवं. वरती जे बारके बारके पिवळे दाणे असतेत ना, ते खरं फळ. एकेक दाणा एकेक फळ. बाकीचा लाल भाग नुसता देठ फुगलेला."

श्रीमंतनं मान डोलावली. "हावगेप्पा, गावात असे लई जण हायेत. फळ दाण्याएवढं आनि बाकी सगळा फुगलेला देठ."

सगळे हसले. हावगेप्पाही हसला, कारण आपला विषय लोकांना रुचतोय असं त्याला वाटलं.

ऑक्टोबर लागताच वाईच्या जावयाकडून रोपं आली. विहिरीजवळच्या तुकड्याची माती लाल, पाण्याचा निचरा चांगला, आणि बीदरची थंडी तशी कडक. वाफे उंच केले, ठिबकच्या नळ्या टाकल्या, वर काळा कागद अंथरला, कागदाला भोकं पाडून रोपं लावली. म्हणजे हे सगळं जगदेवीनं आणि सून अंबिकानं केलं. मुलगा हैदराबादला नोकरीला असल्यानं अंबिका सासरीच असायची. हावगेप्पा बांधावर उभा राहून रोपाला लोह का लागतं ते सांगत होता.

डिसेंबरात पांढरी फुलं आली, मग हिरवे बोंडाएवढे गोळे, मग एके दिवशी त्यातल्या काहींना लाली चढली. बुलबुलांना ही बातमी गावाच्या आधी कळली. जगदेवीनं जुन्या साड्या वाफ्यांवर ताणून बांधल्या. निळ्या, पिवळ्या, जांभळ्या. लांबून शेत लग्नघरासारखं दिसायचं. रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून विचारायचे, कुणाचं लगीन हाय?

पहिली परडी हावगेप्पानं बसवण्णापुढं ठेवली, मग अंगणात पाटावर बसून चार फळं खाल्ली. गोड-आंबट, रसाळ. "पाचगणीपेक्षा भारी," तो म्हणाला. दुपारपर्यंत त्याच्या दंडांवर, पाठीवर आणि पोटावर चिंचोक्याएवढ्या लाल गांधी उठल्या.

"हे काय उठलंय अंगावर?" जगदेवीनं विचारलं.

"डास."

"डास सदऱ्यातून पाठ खातेत व्हय? सकाळी स्ट्रॉबेरी खाल्लात, तवापासून खाजवायलात तुम्ही."

"खुळी हायस का? स्ट्रॉबेरीनं त्वचेला तेज येतंय. जगभर सिद्ध झालंय ते."

जगदेवीनं खोबरेल तेलाची वाटी आणून पुढं ठेवली.

दोन दिवसांनी गांधी गेल्या. हावगेप्पानं परत दोन फळं खाल्ली, परत गांधी आल्या. या वेळी त्यानं नव्या सदऱ्याच्या खळीला दोष दिला. आठवड्यानं, घरात कुणी नाही असं बघून, अंगात जुना मऊ बनियन घालून त्यानं एकच फळ खाल्लं, आणि भिंतीला टेकून वाट बघत बसला. आधी ओठ चुरचुरले. मग मानेवर पहिली गांध उठली, मग तिच्या शेजारी दुसरी. हावगेप्पानं आरशात बघितलं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची खोकी भरली, त्याच्या स्वतःच्या खोक्यात हा एवढासा लाल माल बसत नव्हता. आता हे कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं? कट्ट्यावर? श्रीमंतपुढं?

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. कुणी आग्रह केला तर तो फळ तोंडाजवळ न्यायचा, बोलता बोलता हात खाली घ्यायचा आणि फळ अलगद सदऱ्याच्या खिशात सोडायचा. पांढऱ्या सदऱ्यांचे खिसे लाल व्हायला लागले. धुणं जगदेवी धुवायची. तिनं डाग बघितले, मनाशी काय ते समजली आणि डाग निघेपर्यंत सदरे घासत राहिली. नवऱ्यानं हे स्वतः सांगावं, असं तिला वाटत असावं. किंवा आजपर्यंत पेरूनं प्यालेल्या रसांची तिला आठवण झाली असावी.

इकडं फळ मात्र जोरात चाललं. अंबिका सकाळी डबे भरून बीदरला जायची आणि बागेत फिरायला येणाऱ्या लोकांना विकून दुपारच्या आत परतायची. जनवाड्यात स्ट्रॉबेरी पिकते ही गोष्टच लोकांना एवढी नवलाची वाटली, की आंबट निघालेली फळंही त्यांनी कौतुकानं खाल्ली. गावात तिला 'इष्टाबेरी' हे नाव पडलं. एका बातमीत हावगेप्पाचा फोटो आला, हातात फळ, चेहऱ्यावर हसू. फोटोवाला गेल्यावर ते फळही खिशात गेलं.

जानेवारीच्या शेवटी शेतकऱ्यांच्या एका मंडळानं बीदरला फळं-फुलांचं प्रदर्शन भरवलं आणि हावगेप्पाचा सत्कार ठरवला. मंडळाचे अध्यक्ष शिवशंकर स्वतः गाडी घेऊन आमंत्रण द्यायला आले. "अण्णा, तुम्ही स्ट्रॉबेरीच्या फायद्यांवर बोलायचं. अर्धा तास तरी बोला," ते म्हणाले.

"अर्ध्या तासात फक्त सी होईल," हावगेप्पा म्हणाला.

जगदेवी पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "बोलायला लावा, खायला लावू नका."

शिवशंकर मोठ्यानं हसले. वहिनी थट्टा करतायत असं त्यांना वाटलं.

सत्काराच्या दिवशी मंडप भरलेला होता. हावगेप्पानं डोक्याला पटका बांधला होता, गळ्यात हार पडला, खांद्यावर शाल आली. जगदेवी, अंबिका आणि श्रीमंत पुढच्या रांगेत. सगळं ठीक चाललं होतं. पण हार घातल्यावर शिवशंकरांना काहीतरी अभिनव करावंसं वाटलं. त्यांनी मागवलं एक चांदीचं ताट, त्यात जनवाड्याच्याच निवडक स्ट्रॉबेऱ्या.

"पेढा तर सगळेच भरवतेत," ते माइकवर म्हणाले. "आज आपण अण्णांना त्यांच्याच शेतातलं अमृत भरवणार!"

टाळ्या झाल्या. हावगेप्पानं हात उचलला, पण शिवशंकरांनी तो हात प्रेमानं धरून खाली केला आणि फळ थेट तोंडातच घातलं. खिसा असून उपयोग नव्हता. चावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग उपाध्यक्ष आले, त्यांनी एक घातलं. फोटोवाला म्हणाला, नीट आलं न्हाई, परत एकदा. परत एक.

जगदेवी पुढच्या रांगेत उठून उभी राहिली. लोकांना वाटलं, नवऱ्याचा सन्मान बघून उभी राहिली. म्हणून आणखी चारजण उभे राहिले.

हावगेप्पा माइकपुढं आला. पळून जावं असं त्याला क्षणभर वाटलं; पण समोर एवढी माणसं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं ऐकायला कुणी खुर्च्या मांडल्या होत्या. तो बोलायला लागला. स्ट्रॉबेरीत सी असतं, फोलेट असतं, तंतू असतात, साखर बेताची आणि पाणी भरपूर. फ्रान्स झालं, चिली झाली. तोवर कानाच्या पाळ्या तापल्या. मग गाल. भाषण हृदयापर्यंत पोचेतो मानेवर गांधी फुटल्या होत्या.

"आनि सगळ्यात म्हत्त्वाचं," तो म्हणाला, "त्वचा. स्ट्रॉबेरी खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक तेज..."

त्याचा चेहरा खरोखरच शेंदरासारखा लाल झाला होता आणि मंडपाच्या दिव्यांत चकाकत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "दिसायलंय अण्णा, दिसायलंय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

हावगेप्पाला पुढचं वाक्य बोलता येईना. ओठ सुजून जाड झाले होते, जीभ तोंडात मावत नव्हती. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द त्यानं दोनदा धरला आणि दोनदा सुटला. डोळ्यांच्या फटी उरल्या. श्वास घेताना शीळ वाजायला लागली तेव्हा त्याला भीती वाटली. पोरासारखी, साधी, उघडी भीती. आजारी पडण्याचा त्याला काहीच सराव नव्हता.

दुखऱ्या गुडघ्यांची जगदेवी मंचाच्या पायऱ्या धडाधड चढून वर आली. तिनं माइक बाजूला सारला, नवऱ्याचा दंड धरला आणि शिवशंकरांना म्हणाली, "गाडी काढा. आत्ता. यांना ही चालत न्हाई. खिशात टाकून टाकून दिवस काढलेत यांनी."

माइक बाजूला झाला होता, बंद झाला नव्हता. सगळ्या मंडपानं ते ऐकलं.

दवाखाना जवळच होता. डॉक्टर मल्लेश्वरींनी बघताक्षणी मांडीत सुई टोचली, नाकाला प्राणवायूची नळी लावली, वरून सलाईन. थोड्या वेळानं शीळ थांबली. डोळे उघडण्याएवढी सूज उतरल्यावर हावगेप्पाला पहिल्यांदा जगदेवी दिसली. तिच्या हातात त्याचा पटका होता आणि ती तो घट्ट पिळत होती, जसा काही ओला असावा.

"याआधी कधी झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पयल्यांदाच," हावगेप्पा सुजलेल्या ओठांतून म्हणाला.

"पाचगणीपासून," जगदेवी म्हणाली.

डॉक्टरांनी हावगेप्पाकडं बघितलं. मग त्याला समजावलं. काहींच्या शरीराला एखादा पदार्थ शत्रू वाटतो. दुसऱ्याला तो कितीही चांगला असो, याचं शरीर त्याच्याशी भांडतं. दर वेळी भांडण वाढत जाऊ शकतं. आज वेळेवर आलात.

"म्हंजे ते फायदे खोटे?" हावगेप्पानं विचारलं. त्याचा आवाज असा होता, की डॉक्टरांना हसू आवरून घ्यावं लागलं.

"खोटे नाहीत काका. फळ चांगलंच आहे. पण औषध नव्हे, फळ आहे. आणि नुसतं सी पाहिजे असेल तर पेरूत याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. पेरू खाता का?"

"परड्यात झाड हाय," हावगेप्पा म्हणाला.

"लई लागतो," जगदेवी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"जाम तरी चालंल का?"

"नाही. जाम नाही, आइस्क्रीम नाही, चाखून बघायला अर्धं फळही नाही. पुन्हा सूज आली तर घरी तेल चोळत बसू नका, सरळ इकडं या."

दुसऱ्या दिवशी हावगेप्पा गावात परतला. आता कट्ट्यावर आपली काय शोभा होणार, हे त्यानं रस्ताभर मनात बघून ठेवलं होतं. गावच्या वेशीपासून मान खाली घालूनच तो चालत होता. पण गाव त्याच्या पुढं गेलं होतं.

"अण्णा, सगळी गर्मी भाएर पडली म्हणं की एका झटक्यात," वाटेत भेटलेली सुमनबाई म्हणाली. "इतक्या वर्षांची साठलेली, कारखान्यातली. आता बगा कसं हलकं दिसायलाव."

हावगेप्पा जागच्या जागी थांबला. "कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणायलेत. श्रीमंतअण्णांनी डोळ्यानं बगितलं. चेहरा असा लाल झाला, अंगातली समदी आग चामडीवर आली आनि निघून गेली. माज्या सासूला बी द्या की दोन डबे. तिच्या तळपायाची लई आग होते."

हावगेप्पा श्रीमंतला जाब विचारायला गेला तर तो शांतपणे म्हणाला, "मी नुसतं म्हटलं, अंगातून आग निघायलीय असा दिसायलाय हावगेप्पा. बाकीचं गावानं जोडलं. तूच शिकवलास त्यांना."

त्या आठवड्यात शेतावर रांग लागली. भालकीहून लोक आले, औरादहून आले. कुणाला पित्ताची गर्मी काढायची होती, कुणाला मुळव्याधीची. एक जण तर सुनेचा स्वभाव गरम आहे म्हणून आला होता. अंबिकाला डबे भरायला उसंत मिळेना.

आणि हावगेप्पा, ज्यानं आजवर एका फळाला शंभर गुण चिकटवले होते, तो आता वाफ्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून एकेकाला खरं सांगत होता. "ही औषध न्हवं. चांगलं फळ हाय, खायचं म्हणून खा. ओठ चुरचुरले तर थांबा. मला त्रास झाला तो त्रासच होता, गुण न्हवता."

कुणाचा विश्वास बसेना. खोटं बोलायचा तेव्हा लोक त्याला नुसते हसत होते. खरं बोलायला लागल्यावर त्याचा संशय यायला लागला. औरादहून नरसिंग नावाचे एक वयस्क गृहस्थ आले होते. अंगात जुनी गर्मी आहे असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणाले, "स्वतःचं काम झालंय ना. आता दुसऱ्याला द्यायला जिवावर आलंय म्हाताऱ्याच्या."

हावगेप्पानं त्यांना फळ द्यायला साफ नकार दिला. "आधी डाक्टरला दाखवा. मी न्हाई देणार."

"मामा, गिऱ्हाईक हाय ते," अंबिका सासऱ्याला हळूच म्हणाली.

"मी बी गिऱ्हाईकच होतो, अंबिका. गळा आवळला तवा कळलं."

नरसिंग रागानं गेले. आणि त्यांच्यामागचे लोक जास्तच चिकाटीनं उभे राहिले, कारण जी वस्तू मालक द्यायला नको म्हणतो तीत काहीतरी असलंच पाहिजे. शेवटी जगदेवी वाफ्यातून कंबर धरत उठली आणि रांगेपुढं येऊन उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "गर्मी काढायला आलेल्यांनी घरी जाऊन ताक प्यावं. इष्टाबेरी खायला आलेत त्यांनी थांबावं."

अर्धी रांग गेली. उरलेल्यांना तिनं आधी एकेक फळ चाखायला दिलं, थोडं थांबायला लावलं आणि मगच डबा हातात दिला. तो दिवस बुडाला असं अंबिकाला वाटलं. पण पुढच्या आठवड्यात जे आले ते दर आठवड्याला येत राहिले, आणि त्यांपैकी कुणीही आपल्या सुनेचा स्वभाव घेऊन आला नाही.

कट्ट्यावर हावगेप्पा जायचा, पण कमी बोलायचा. सुरुवातीला लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. कुणी मुद्दाम तोंड पुढं करून विचारायचं, "अण्णा, माज्यात काय कमी हाय?" तो निरखून बघायचा, ओठांवर एखादं अक्षर यायचं, मग म्हणायचा, "झोप कमी झालीय तुजी." एवढंच. श्रीमंतला तर करमेना. "तू आजारी पडलास आनि नुकसान माजं झालं," तो म्हणाला.

घरात एक फरक पडला. जगदेवीच्या गुडघ्यांवरचे प्रयोग बंद झाले. डॉक्टर मल्लेश्वरींकडं पुन्हा तपासायला गेल्यावर हावगेप्पानंच गुडघ्यांचा विषय काढला, आणि त्यांनी सांगितलेला व्यायाम जगदेवी खरोखरच करायला लागली. दुसरा फरक असा, की स्ट्रॉबेरी जगदेवीला आवडायला लागली होती. दुपारी काम आटपलं की ती वाफ्याच्या कडेला बसायची आणि पाखरांनी टोचलेली, विकायला न जाणारी फळं एकेक करून खायची. टोचलेलं फळच जास्त गोड असतं, असं तिचं म्हणणं. हावगेप्पा जरा लांब बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचा.

"कशी हाय?" तो विचारायचा.

"आज जरा आंबट."

पुढच्या ऑक्टोबरात वाफे दुप्पट झाले. रोपं लावताना हावगेप्पा या वेळी बांधावर नव्हता, हातमोजे घालून वाफ्यात होता. आणि हिवाळ्यात शिवशंकरांच्या मंडळानं पुन्हा बोलावलं. मागच्या वर्षीच्या प्रकारानं ते इतके धसकले होते, की मंचावर पाण्याशिवाय काही ठेवायचं नाही असा त्यांनी नियमच केला होता. या वेळी सत्कार जगदेवीचा होता.

तिला भाषण येत नव्हतं. तिनं माती कशी तयार केली ते सांगितलं, साड्या का बांधल्या ते सांगितलं. कुणीतरी फायदे विचारले. ती जराशी गोंधळली आणि म्हणाली, "आंबट-गोड लागते. खाल्ल्यावर तोंडाला पाणी सुटतंय." लोक हसले. पुढच्या रांगेत हावगेप्पाचे ओठ हलत होते. फोलेट, तंतू, सगळं जिभेवर येऊन उभं होतं. त्यानं हात मांडीखाली दाबून धरले.

मग एका बाईनं उठून विचारलं, "माज्या पोरीला खाल्ल्यावर ओठाला खाज येते म्हणते. चालंल का देऊन?"

जगदेवीनं नवऱ्याकडं बघितलं. हावगेप्पा उभा राहिला. माइक कुणी दिला नाही, त्यानं मागितलाही नाही.

"देऊ नका," तो म्हणाला. "आधी दवाखान्यात दाखवा. मला बी तसंच व्हायचं. मी वारा म्हटलो, डास म्हटलो, सदऱ्याला बोल लावला. मरता मरता वाचलो. मला ही चालत न्हाई."

मंडपात कुजबूज झाली. मागून एक तरुण शेतकरी म्हणाला, "मग अण्णा, तुम्ही लावता कामून?"

प्रश्न सरळ होता. हावगेप्पानं उत्तर शोधलं. सी आठवलं, फ्रान्स आठवलं, हृदय आणि त्वचा आठवली. त्यातलं काहीच त्या प्रश्नाला बसेना. त्यानं मंचाकडं बघितलं. शाल खांद्यावरून घसरू नये म्हणून जगदेवी ती एका हातानं धरून उभी होती.

"हिला आवडते," तो म्हणाला, आणि खाली बसला.